अडतीस वर्षं हप्ता भरला, आणि मग : जर्मनीचा एसपीडी आणि त्याचा कामगार

रूरकाठची :

रूर या औद्योगिक पट्ट्यातल्या डॉर्टमुंडचं महापौरपद सप्टेंबर २०२५ मध्ये एसपीडीच्या, म्हणजे सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्या, हातून गेलं. जवळजवळ ऐंशी वर्षं तिथे याच पक्षाचा माणूस बसत होता. कोळसा, पोलाद आणि बिअर यांच्या या शहराला सोशल डेमोक्रॅट लोक आपल्या पक्षाचं काळीज म्हणायचे. ती बातमी आली तेव्हापासून आमच्या तळमजल्यावरच्या आजोबांबद्दल लिहायचं मनात आहे. आज वेळ मिळाला.

मी २०११ पासून ड्युसबुर्गमध्ये राहते. आजोबा १९४९ चे. पंधराव्या वर्षी एका धातुकामाच्या कारखान्यात उमेदवार म्हणून लागले, तिथेच फिटर झाले, तिथेच मुकादम झाले. २००२ साली कारखाना बंद पडला तेव्हा त्यांची अडतीस वर्षं नोकरी झाली होती आणि वय होतं त्रेपन्न. त्यांच्याकडे पक्षाचं सभासद पुस्तक आहे. लाल, पासपोर्टएवढं. आत दर महिन्याच्या वर्गणीची छोटी तिकिटं ओळीने चिकटवलेली आहेत, पहिलं १९६९ चं. याच पक्षाचे विली ब्रांट चॅन्सेलर, म्हणजे इथले पंतप्रधान, झाले ते साल. काही पानांनंतर तिकिटं थांबतात, कारण पुढे वर्गणी बँकेतून परस्पर कापली जायला लागली. २००४ मध्ये त्यांनी बँकेला ती बंद करायला सांगितलं. पुस्तक मात्र परत केलं नाही.

झालं काय होतं ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. इथे प्रत्येक नोकरदाराच्या पगारातून बेकारी विम्याचा हप्ता कापला जातो. ही पद्धत १९२७ पासूनची. नोकरी गेली की शेवटच्या निव्वळ पगाराच्या ६० टक्के, मूल असेल तर ६७ टक्के रक्कम मिळायची, आणि वय जास्त असेल तर ती बत्तीस महिन्यांपर्यंत चालायची. ती संपली की दुसरा भत्ता सुरू व्हायचा, ५३ किंवा ५७ टक्के, आणि त्याला मुदत नव्हती. म्हणजे माणूस बेकार झाला तरी कुशल कारागीर हा कुशल कारागीरच राहायचा. त्याचा भत्ता त्याच्या जुन्या पगाराशी बांधलेला होता.

१४ मार्च २००३ ला चॅन्सेलर गेरहार्ड श्रोडर यांनी संसदेत ‘अजेंडा २०१०’ मांडला. फोक्सवागनचे कामगार विभागप्रमुख पेटर हार्त्स यांच्या समितीने त्याआधी अहवाल दिला होता, त्यावरून चार कायदे आले. चौथा, म्हणजे ज्याला सगळे ‘हार्त्स-४’ म्हणतात तो, १ जानेवारी २००५ पासून लागू झाला. बेमुदत भत्ता गेला. तो आणि गरिबांसाठीचं सरकारी साहाय्य एकत्र करून एकच रक्कम ठरली: पश्चिम जर्मनीत एकट्या माणसाला महिना ३४५ युरो, वर घरभाडं आणि हीटिंग. विम्याच्या भत्त्याची मुदतही कापून बहुतेकांसाठी बारा महिन्यांवर आणली, पंचावन्नच्या पुढच्यांना अठरा.

हे करणारा पक्ष म्हणजे एसपीडीच, १८६३ पासून कामगारांचा म्हणून ओळखला जाणारा पक्ष. आणि करणारा माणूस, श्रोडर, लोकांकडे साफसफाईची कामं करणाऱ्या विधवेचा मुलगा. आजोबांना हे सगळ्यात जास्त लागलं. परका असता तर त्याच्याशी भांडता आलं असतं, असं ते म्हणतात.

त्यांचा विम्याचा भत्ता संपला तो नेमका २००५ च्या सुरुवातीला. अर्ज सोळा पानी होता. त्यांनी त्याची प्रत फाईलला लावून ठेवली आहे, मी पाहिली. बायकोच्या बेकरीतल्या अर्ध्या दिवसाच्या पगाराचा आकडा त्यात आहे, कारण तो वजा होणार होता. दोघांची पासबुकं, विम्याची पॉलिसी, घर किती चौरस मीटर, सगळं लिहायचं. अक्षर इतकं नेटकं आहे की कारखान्यात नकाशांवर लिहायची सवय लगेच कळते. एका पानावर मात्र पेन इतकं जोरात दाबलंय की मागच्या पानावर वळ उठलेत. तिथला प्रश्न होता, सध्याचा व्यवसाय.

पुढे त्यांना तासाला युरो-दीड युरोचं ‘सार्वजनिक उपयोगाचं’ काम दिलं. नारिंगी जाकीट घालून बागेतली पानं गोळा करायची. एका सकाळी त्यांच्या हाताखाली शिकलेला मुलगा, आता चाळिशीचा गृहस्थ, आपल्या लेकीला घेऊन तिथून गेला. आजोबांना पाहून त्याने टोपी काढून ‘उस्ताद, गुड मॉर्निंग’ म्हटलं. (इथे ‘माइस्टर’ म्हणतात, आपला शब्द उस्तादच.) आजोबा सांगतात, तो नुसता निघून गेला असता तर बरं झालं असतं.

माझं म्हणणं एवढंच की, पैसे कमी झाले हे या गोष्टीचं अर्धंच कारण आहे. आजोबा एक वाक्य पुन्हा पुन्हा बोलतात: अडतीस वर्षं आणि शून्य वर्षं एकाच रांगेत उभी केली. मला वाटतं एसपीडीची मतं त्या वाक्यात गेली. तुम्हाला काय वाटतं? इथे जर्मनीत राहणारे बरेच आहेत, त्यांनी नक्की लिहा.


हिशेबनीस :

धाग्यासाठी धन्यवाद. आजोबांबद्दल वाचून वाईट वाटलं, तरी दुसरी बाजू मांडतो.

त्या वेळी जर्मनीची अवस्था काय होती ते आठवा. ‘युरोपचा आजारी माणूस’ म्हणत होते या देशाला. फेब्रुवारी २००५ मध्ये बेकारांचा आकडा बावन्न लाखांवर होता. (त्यातला काही भाग नव्या मोजणीमुळे वाढला, कारण आधी साहाय्यावर असलेले लोकही यादीत आले. तरी मूळ आकडा मोठाच होता.) पूर्व-पश्चिम जर्मनीच्या एकीकरणाचा खर्च बेकारी आणि पेन्शनच्या विम्यावर टाकलेला, हप्ते वाढत चाललेले, आणि हप्ता वाढला की मालक नवा माणूस घेत नाही. श्रोडर यांनी काही केलं नसतं तर पुढच्या सरकारने केलं असतं, कदाचित जास्त कठोरपणे.

परिणामही बघा. २००५ मध्ये बेकारी ११.७ टक्के होती, २०१९ मध्ये ५ टक्के. २००९ च्या मंदीत सगळीकडे नोकऱ्या गेल्या, जर्मनीत तुलनेने वाचल्या. ज्या पोरांना पुढे नोकरी मिळाली तीही कामगारांचीच पोरं ना? बेमुदत भत्त्यामुळे पन्नाशीतल्या माणसाला घरी बसवणं कंपन्यांना सोयीचं झालं होतं, आणि त्याचं बिल इतर कामगारांच्या हप्त्यातून जायचं. हेही अन्यायाचंच होतं.


रूरकाठची :

हिशेबनीस, आकडे मान्य. कंपन्यांच्या सोयीचा मुद्दाही मान्य, आजोबा स्वतः तसंच सांगतात.

पण ज्याला नोकरी लागली त्याला कोणती लागली? २००३ च्या पहिल्या दोन कायद्यांनी कंत्राटी एजन्सीच्या कामगारांवरची बंधनं सैल केली आणि महिना ४०० युरोच्या ‘मिनिजॉब’ना वाट मोकळी केली. कमी पगारावर राबणाऱ्यांचं प्रमाण पुढे पाचातल्या एकाच्या वर गेलं. किमान वेतनाचा कायदा तेव्हा नव्हता, तो यायला २०१५ उजाडलं. एकाच पट्ट्यावर दोन माणसं, तोच स्क्रू पिळणारी, एकाला कंपनीचा पगार आणि दुसऱ्याला एजन्सीचा. आणि त्याच वर्षांत श्रीमंतांचा सर्वोच्च आयकर ५३ वरून ४२ टक्क्यांवर आला. तोही याच सरकारने आणला. पट्टा आवळायचा तर सगळ्यांनी आवळायचा, हे साधं गणित कामगाराला कळतं.


लाइपझिगची_ट्राम :

पूर्वेकडून लिहिते. मी आणि नवरा २०१४ पासून लाइपझिगला आहोत.

इथल्या लोकांना हार्त्स-४ बद्दल विचारलं की ते २००४ पासून सुरुवात करत नाहीत, १९९० पासून करतात. एकीकरणानंतर सरकारी कारखाने विकले-मोडले, आणि एका पिढीची अख्खी कमाई, म्हणजे शिक्षण, हुद्दा, कारखान्यातलं नाव, दोन-तीन वर्षांत मातीमोल झाली. त्यातून सावरत असताना हा दुसरा तडाखा बसला. पूर्वेला रक्कमही कमी धरली होती, ३४५ नाही, ३३१. चौदा युरोंचा फरक. माझ्या नवऱ्याच्या कचेरीतल्या बाई अजूनही तो आकडा तोंडपाठ म्हणतात. २००६ मध्ये तो फरक काढला, पण आकडा लोकांच्या डोक्यातून गेला नाही.

२००४ च्या उन्हाळ्यात माग्डेबुर्गला एका बेकार माणसाने सोमवारी मोर्चा काढला आणि बघता बघता शेकडो गावांत सोमवारचे मोर्चे सुरू झाले. सोमवार का, तर १९८९ मध्ये लाइपझिगला निकोलाय चर्चपासून निघणारे मोर्चे सोमवारचे होते. ज्या वाराने एक सरकार पाडलं तोच वार लोकांनी पुन्हा उचलला. त्यावर बर्लिनच्या काही मंत्र्यांनी नाराजी दाखवली, की १९८९ चं नाव भत्त्यासाठी वापरू नका. ते इथे फार झोंबलं.

आणि त्याच सप्टेंबरात सॅक्सनीच्या निवडणुकीत काय झालं? एसपीडीला ९.८ टक्के, आणि उघडउघड नवनाझी असलेल्या एनपीडीला ९.२. शेजारच्या ब्रांडेनबुर्गमध्ये पीडीएस, म्हणजे जुन्या पूर्व जर्मनीच्या राज्यकर्त्या पक्षाचा वारस, २८ टक्क्यांवर गेला. लोक उजवीकडे गेले ते एएफडी हा कट्टर उजवा पक्ष आल्यावर गेले असं सगळे धरून चालतात. एएफडी स्थापन झाला २०१३ मध्ये. दार त्याच्या नऊ वर्षं आधीच उघडलं होतं.


मोहरी :

मी या विषयात नवखी आहे, एक प्रश्न. एसपीडीने निराशा केली तर डावीकडे दुसरा पक्ष होताच की, लिंके. कामगार तिकडे का नाही गेले?


रूरकाठची :

मोहरी, चांगला प्रश्न. गेले होते, काही काळ. धातुकामगारांच्या युनियनमधले काही पदाधिकारीच २००४ मध्ये एसपीडीतून बाहेर पडले आणि त्यांनी नवा गट काढला. पक्षाचे माजी अध्यक्ष आणि श्रोडर यांचेच पहिले अर्थमंत्री ओस्कार लाफोंतेन त्यांना मिळाले. हा गट आणि पूर्वेतला पीडीएस मिळून २००७ मध्ये लिंके झाला. २००९ ला त्यांना ११.९ टक्के मिळाले.

पण खरा आकडा वेगळाच आहे. १९९८ मध्ये एसपीडीला दोन कोटींहून जास्त मतं होती. २००९ मध्ये एक कोटीला किंचित कमी. निम्मी! ती सगळी काही लिंकेकडे गेली नाहीत. पुष्कळ माणसं घरीच बसली, २००९ चं मतदान ७०.८ टक्क्यांवर उतरलं, तोवरच्या संसदीय निवडणुकांतलं सर्वांत कमी. आमच्या ड्युसबुर्गच्या उत्तरेकडच्या मतदारसंघात २०२२ च्या राज्य निवडणुकीत जेमतेम ३८ टक्के लोक मतदानाला उतरले. जिथे पोलादाच्या भट्ट्या अजून धगधगतात तो हा भाग. आजोबाही २००५ ते २०१३ एकदाही गेले नाहीत. पक्ष बदलणं म्हणजे धर्म बदलल्यासारखं वाटायचं, म्हणून घरी बसलो, म्हणाले.

आणि घरी बसलेल्या माणसाला पुढे कुणीही उठवून नेऊ शकतं.


चाळकरी :

आजोबांच्या सभासद पुस्तकाबद्दल वाचून माझ्या आजोबांची आठवण झाली. लालबाग, गिरणी कामगार, आयुष्यभर लाल बावटा. म्हणून जरा आपल्याकडचं लिहितो, अवांतर वाटलं तर सोडून द्या.

गिरणगावातून डावे का संपले याचं उत्तर लोक एका शब्दात देतात: संप. माझे आजोबा वेगळं सांगायचे. ८२ च्या संपाच्या कितीतरी आधी, १९७० मध्ये आमदार कृष्णा देसाईंचा खून झाला आणि पोटनिवडणुकीत परळची जागा शिवसेनेने घेतली. आणि दुसरं म्हणजे आणीबाणी. भाकपने आणीबाणीला पाठिंबा दिला. त्याच काळात, १९७५ मध्ये, सरकारने वटहुकूम काढून किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणला. संपाला बंदी. दिवाळी तोंडावर, आणि ज्यांच्या झेंड्याखाली बोनससाठी लाठ्या खाल्ल्या ते त्या सरकारच्या बाजूला. आजी सांगायची, त्या वर्षी घरात रवा-बेसन आणायचं की पोरांना कपडे, यावर दोन दिवस बोलणं चाललं होतं. आजोबांनी युनियन सोडली नाही, पण सभेत पुढच्या रांगेत बसायचे ते मागे उभे राहायला लागले.

जर्मनीशी तंतोतंत जुळत नाही हे मला कळतं. पण रूरकाठची यांचा एक मुद्दा थोडा वाढवावासा वाटतो. आमच्याकडे पक्ष म्हणजे फक्त धोरण नव्हतं. वाचनालय पक्षाचं, व्यायामशाळेतला मास्तर पक्षाचा, पोराला शाळेत घालायचं तर चिठ्ठी देणारा पक्षाचा, मयताला खांदा द्यायला येणारे पक्षाचे. गिरण्या संपल्या तसं तेही विरलं आणि ती जागा शिवसेनेच्या शाखेने घेतली. रूरमध्येही असंच काही झालं का?


रूरकाठची :

चाळकरी, हे अवांतर मुळीच नाही. अगदी तसंच झालं.

आजोबा सांगतात, खाणीच्या नाहीतर भट्टीच्या वसाहतीत एसपीडीच्या शाखेचा सचिव, युनियनचा प्रतिनिधी आणि फुटबॉल क्लबचा खजिनदार हे बहुधा एकमेकांच्या घरातले. घरात नळ गळतोय इथपासून नोकरीपर्यंत काहीही असलं तर कोपऱ्यावरच्या ट्रिंकहालेला जायचं. (आपली टपरी समजा. बिअर, वर्तमानपत्र, लिमलेटच्या गोळ्या.) तिथे संध्याकाळी सचिव भेटायचाच. बॉट्रॉपची शेवटची खाण डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली, बोखुमचा ओपेलचा कारखाना २०१४ मध्ये. हे होणारच होतं, कोळसा परवडत नव्हता. पण ज्या वर्षांत हे सगळं मोडत होतं त्याच वर्षांत सभासदही गेले. १९९० मध्ये एसपीडीचे नऊ लाखांवर सभासद होते, आता साडेतीन लाखांच्या आसपास उरलेत. अजेंडा २०१० ला जून २००३ च्या खास अधिवेशनात नव्वद टक्के प्रतिनिधींनी हात वर केले. ज्यांना तो पटला नाही ते प्रतिनिधी नव्हतेच, ते टपरीवर होते.


कागदवाली :

बऱ्याच वर्षांनी इथे लिहिते आहे. मी एका संस्थेत लोकांना सरकारी अर्ज भरायला मदत करते, दहा वर्षं झाली. कुठलं शहर, कुठलं कार्यालय ते लिहीत नाही.

कागदावर कायद्याचा हेतू ‘मदतही करू आणि अपेक्षाही ठेवू’ असा होता. प्रत्यक्षात अपेक्षांची पत्रं वेळेवर येतात, मदतीची येत नाहीत. भेटीची वेळ चुकली की रकमेत कपात, दुसऱ्यांदा चुकली की आणखी. पूर्वी कपात पूर्ण रकमेपर्यंत जायची, भाड्यासकट. ५ नोव्हेंबर २०१९ ला घटना न्यायालयाने सांगितलं की माणसाच्या जगण्याची किमान रक्कम अशी काढून घेता येत नाही, तीस टक्क्यांच्या पुढे जाऊ नका. चौदा वर्षं लागली त्याला.

माझ्याकडे एक बाई येतात. सव्वीस वर्षं शिवणकाम. त्या अर्ज घेऊन येतात तेव्हा आधी पिशवीतून एक जुना फोटो काढून टेबलावर ठेवतात. कारखान्यातला फोटो, मशीनवर बसलेल्या. फोटोचा अर्जाशी काही संबंध नसतो. मी कधी विचारलं नाही. अर्ज भरून झाला की फोटो परत पिशवीत.

अडतीस आणि शून्य एका रांगेत, हे वाक्य मी कार्यालयात लावून ठेवणार आहे.


रात्रपाळी :

सगळे जुन्या कामगारांबद्दल लिहितायत, आताच्यांबद्दल कुणी लिहील का? मी लिहितो.

मी डॉर्टमुंडजवळच्या एका गोदामात काम करतो, शिक्षण संपून कायमची नोकरी मिळेपर्यंत. २०२५ मध्ये ताशी १२ युरो ८२ सेंट मिळायचे, म्हणजे तेव्हाचं किमान वेतन. सोबत तुर्की, पोलिश, सिरियन, जर्मन, सगळे. रात्री दोनला जेवणाची सुट्टी होते तेव्हा राजकारणावर एकच विषय निघतो आणि तो ब्युर्गरगेल्ट.

जानेवारी २०२३ मध्ये एसपीडीने हार्त्स-४ चं नाव पुसून हा ब्युर्गरगेल्ट, म्हणजे ‘नागरिक भत्ता’, आणला. रक्कम वाढवली, २०२४ पासून एकट्याला ५६३ युरो आणि भाडं-हीटिंग वेगळं. सुरुवातीच्या काळात बचतीची चौकशी सैल केली, कपात कमी केली. पक्षाला वाटलं, झालेली चूक आपण दुरुस्त केली. आमच्या टेबलावर मात्र उलटं झालं. आमचा एक जर्मन सहकारी, पन्नाशीचा, पाठीला पट्टा बांधून पेट्या उचलतो. तो म्हणतो, माझं भाडं मी भरतो, गॅसचं बिल मी भरतो, आणि शेजाऱ्याचं सरकार भरतं. महिन्याच्या शेवटी आमच्यात किती फरक राहतो ते मला दाखवा.

मी त्याला एकदा कागदावर मांडून दाखवलं. काम करणाऱ्याला जास्तच उरतं, घरभाड्याचं अनुदान धरलं तर आणखी जास्त. त्याने कागद नीट वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाला, जास्त उरतं, पण रात्री दोनला इथे बसण्याइतकं जास्त नाही.

त्याचा बाप एसपीडीचा होता. तो २०२५ ला एएफडीला मत देऊन आला. चिडून सांगत नव्हता, साधं सांगत होता. मला तो पक्ष भीतिदायक वाटतो, मी परदेशी आहे, आणि हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, तुझ्याबद्दल नाही रे. पण मतपत्रिकेवर तसं लिहिता येत नाही.


लाइपझिगची_ट्राम :

रात्रपाळी, तुमचं शेवटचं वाक्य वाचून पोटात गोळा आला. आमच्याकडे हे रोजचं आहे.


हिशेबनीस :

कागदवाली आणि रात्रपाळी यांचं वाचून मला माझं मत थोडं बदलावं लागतंय, ते प्रामाणिकपणे लिहितो.

मी याकडे भत्ता किती असावा असा प्रश्न म्हणून बघत होतो. पण २००५ मध्ये रक्कम कमी केली तेव्हा कामगार गेला, आणि २०२३ मध्ये वाढवली तेव्हाही आला नाही, उलट आणखी लांब गेला. म्हणजे रक्कम हा मुद्दाच नसावा. दोन्ही वेळा रांग एकच राहिली. आजोबांना ती खालून दिसली आणि रात्रपाळी यांच्या सहकाऱ्याला वरून, तो त्या रांगेच्या जेमतेम एक पायरी वर उभा आहे.

२०२५ च्या संसदीय निवडणुकीत एसपीडीला १६.४ टक्के मिळाले. मतदानोत्तर पाहणीत कामगारांपैकी ३८ टक्के एएफडीला आणि १२ टक्के एसपीडीला. १९९८ मध्ये कामगारांतली जवळपास निम्मी मतं एसपीडीची होती.

एक मात्र अजूनही म्हणेन, सगळा दोष २००३ वर टाकू नका. डाव्या पक्षांची कामगारांतली मतं फ्रान्समध्ये घसरली, इटलीत घसरली, तिथे हार्त्स नव्हता. आणि जर्मनीतल्या नोकऱ्या वाढल्या त्यात युनियननी नव्वदीपासून पगारवाढीत घेतलेल्या संयमाचाही मोठा वाटा मानला जातो. म्हणजे फळाचं श्रेय हार्त्सला पूर्ण देता येत नाही, तसंच दोषाचंही.


चाळकरी :

हिशेबनीस, तुमच्या आधीच्या मुद्द्याशी पूर्ण सहमत. पण मग पक्षाने करायचं काय होतं? हप्ते वाढत होते हे तर खरं होतं.


रूरकाठची :

यावर आजोबांचं मत आहे आणि मला ते पटतं. वर्षांनुसार रक्कम द्या. ज्याने दहा वर्षं हप्ता भरला त्याला इतका काळ, ज्याने पस्तीस भरला त्याला तितका जास्त. पक्षालाही ते कळलं. त्या वेळचे अध्यक्ष कुर्ट बेक यांनी पुढाकार घेतला आणि २००८ पासून अठ्ठावन्नच्या पुढच्यांना विम्याचा भत्ता चोवीस महिन्यांपर्यंत मिळायला लागला. पण तोवर आजोबांसारखे लोक त्यातून निघून गेले होते, आणि मधल्या काळात याच पक्षाच्या मंत्र्याने पेन्शनचं वय ६७ वर नेलं होतं. भट्टीवर उभ्या राहणाऱ्या माणसाला सदुसष्ट म्हणजे काय ते सांगायला नको.

२०२५ मध्ये आलेल्या सरकारने ब्युर्गरगेल्ट मोडून पुन्हा कडक नियम आणायचं ठरवलं, युतीच्या करारातच ते होतं. ज्या मंत्र्यांकडे हे काम आलं त्या बेर्बेल बास, २०२५ मध्ये एसपीडीच्या सहअध्यक्ष झालेल्या, आमच्या ड्युसबुर्गच्याच. बसचालकाच्या घरातल्या, सहा भावंडांतल्या. त्यांच्याबद्दल इथे लोक आपुलकीने बोलतात. आजीसुद्धा म्हणतात, ती आपली आहे. मग थांबून म्हणतात, तोही आपलाच होता.

सप्टेंबर २०२५ मधल्या महापौरपदाच्या निवडणुकीत ड्युसबुर्ग आणि गेल्सेनकिर्शेनला दुसऱ्या फेरीत एसपीडीसमोर एएफडी होता. दोन्हीकडे एसपीडी जिंकला. त्या आधीच्या शनिवारी आमच्या दारावर पक्षाची एक तरुण मुलगी आली होती, लाल गुलाब घेऊन. इथे प्रचाराला ते गुलाब वाटतात. आजोबांनी दार उघडलं. तिने नाव सांगितलं, पत्रक दिलं, आणि विचारलं, तुम्ही पूर्वी कधी पक्षात होता का. मी जिन्यात होते. ते म्हणाले, पस्तीस वर्षं. तिला पुढे काय बोलावं ते सुचेना. मग तिने विचारलं, तुम्ही काय काम करत होता?

ते आत गेले आणि फाईल घेऊन आले नाहीत, सभासद पुस्तक घेऊन आले. पुढचा पाऊण तास ती दारातल्या पायपुसण्यावर बसून तिकिटं बघत होती आणि ते तिला कारखाना सांगत होते. गुलाब आजींनी पाण्यात ठेवला. रविवारी ते दोघं मतदानाला गेले. कुणाला दिलं ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.